एकही तक्रार आली नाही

३ जून

मायना लिहिलेला नाही, त्याचं कारण आधी सांगून टाकते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, मायना हा पत्राचा दरवाजा. तो चुकला तर पाहुणा बाहेरूनच परत जातो. तुला 'चि. सौ.' लिहावं तर त्यातली 'सौ.' नऊ वर्षांपूर्वी कोर्टात संपली. नुसतं 'चि.' लिहिण्याइतकी जवळीक आपण ठेवलेली नाही. आणि 'महोदया' लिहावं इतकी मी अजून खाली आलेली नाही. तेव्हा तू दरवाजाशिवायच आत ये. मी तुझी एके काळची सासू. अक्षर ओळखलं असशीलच.

कामाचं बोलते. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षं मी अंधशाळेच्या छपाईघरात आठवड्यातून तीन दिवस जाते. एक यंत्र आहे, जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं, आणि ते चालवणारा एक संगणक. गणिताची पुस्तकं ब्रेलमध्ये मांडायचा प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे. पण प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम यंत्र विकणाऱ्या कंपनीने दिलेला, तेवीस वर्षांपूर्वीचा. मे महिन्यात संगणक जळाला. नवीन आणला, नवीन कर्नल घातलं आणि कंपनीचा प्रोग्रॅम मुका झाला.

मुख्याध्यापिकांना मी असं समजावलं. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातली मुख्य कचेरी. कुठल्याही प्रोग्रॅमला काम करून घ्यायचं तर त्याने ठरलेल्या नंबरच्या खिडकीवर जाऊन मागायचं. आपला प्रोग्रॅम एकशे एकोणपन्नास नंबरच्या खिडकीवर जातो. ती आता भिंत घालून बंद केली आहे.

"मग शेजारच्या खिडकीवर पाठवा ना त्याला," त्या म्हणाल्या.

"तो माझ्या थोरल्या दिरांसारखा आहे," मी म्हटलं. "एकदा ठरलेल्या खिडकीखेरीज कुठे जायचा नाही. आणि त्याला दुसरं काही शिकवू शकेल अशी कंपनी कधीच बुडाली. मूळ लिखाण तिच्याबरोबर गेलं."

मग मी शोधत गेले, भिंत कोणी घातली. त्या बदलाच्या नोंदीखाली तुझं नाव. वर तुझंच निवेदन: 'वापरणाऱ्यांच्या पडद्यावर सहा वर्षं इशारा छापला. एकही तक्रार आली नाही. वापरणारं कुणी उरलेलं नाही असं धरून हा इंटरफेस काढून टाकत आहोत.'

कुणी उरलेलं नाही. शेवटच्या वर्गात अकरा मुलं आहेत. गणिताचं पुस्तक यंदा बदललं. डोळस मुलांचं पुस्तक दप्तराच्या एका कप्प्यात मावतं. ब्रेलमध्ये त्याचे सात जाड भाग होतात. दोन छापून झाले तेवढ्यात संगणक गेला. पाच राहिले आहेत आणि परीक्षा नऊ ऑक्टोबरला आहे. दुसऱ्या छपाईघरात वर्षभराची रांग आहे. ही मुलं दुसऱ्याने वाचून दाखवलेलं गणित शिकू शकत नाहीत. डोळे मिटून कुणाकडून तरी समीकरण ऐक, मग कळेल.

तुझ्याच जगातला पहिला नियम आहे ना, चालू असलेला प्रोग्रॅम कर्नलने मोडायचा नाही? आमच्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता तू मला तो सांगितला होतास. फार आवडला होता मला. तेव्हा ती खिडकी उघड. उघडणार नसशील तर का, ते लिही.


१९ जून

तुझं उत्तर मिळालं. 'नमस्कार' आणि 'आपण'. बरं.

सभ्य पत्र आहे. आमच्या सिस्टरनी दहापैकी आठ दिले असते. दोन प्रेमाचे कापले असते.

तू लिहितेस, खिडकी उघडता येणार नाही, कारण तिच्या चौकटीतून परक्याला आत हात घालता येत होता, आणि ती चौकट दुरुस्त होण्यापलीकडे गेली होती. हे मी समजू शकते. एकतीस वर्षं मी हेच काम केलं. पण चौकट सडली म्हणून घरातल्यांना कोंडायचं नसतं.

तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरं. जुनं कर्नल नव्या संगणकावर चालत नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला, त्याला नवीन बोर्डच ओळखता येत नाही. कंपनीचा प्रोग्रॅम सोबत पाठवला आहे. यंत्राचं मॉडेल मागच्या पट्टीवरून उतरवून घेतलं आहे.

खाजगी पत्राला तक्रार म्हणत नाहीत, ती सार्वजनिक मेलिंग लिस्टवर सर्वांसमोर यायला हवी, असं तू म्हणतेस. चारचौघांत ओरडायची मला सवय नाही. तुम्हा लोकांना घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणल्याशिवाय खरी वाटत नाही, हे मला नवीन नाही.

शेवटी तू विचारलं आहेस, 'इशारा आपल्याला दिसला नव्हता का? प्रोग्रॅम चालू झाला की तो दर वेळी छापला जात असणार.' आठ वर्षांत त्या संगणकावर काय काय दिसलं ते मी लक्षात ठेवलेलं नाही.


७ जुलै

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. आता हे वाच.

आमच्याकडे छपाईला एक गृहस्थ आहेत, जन्मांध. तेवीस वर्षं तेच यंत्र चालवतात. शिकवत नाहीत, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण छापलेल्या पानात चूक सापडली की दहा जणांसमोर कान उपटतात. पडद्यावर उमटेल ते बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यांच्या मदतीला आहे. त्याला ते पोपट म्हणतात. उजव्या हाताची बोटं कागदावर, कान पोपटाकडे, अशी त्यांची तपासणी चालते.

परवा ते म्हणाले, "बाई, तुमच्या त्या खिडकीवाल्यांचं काय झालं?"

"विचार चाललाय त्यांचा."

"माणसं विचार करायला लागली की गेलीच महिनाभर. मी लिहू का त्यांना? पत्ता पाठ आहे मला."

"कुठला पत्ता?"

तर त्यांनी मान जरा वर करून, पोपटाच्याच सपाट सुरात म्हणून दाखवलं: "हा प्रोग्रॅम क्रमांक एकशे एकोणपन्नासचा जुना मार्ग वापरत आहे. हा मार्ग काढून टाकला जाणार आहे. आपल्याला त्याची गरज असल्यास कृपया पुढील पत्त्यावर कळवा." आणि मग तुझं नाव. एकेक अक्षर सुटं. मधल्या टिंबासकट.

सहा वर्षांपूर्वी आम्ही कर्नल बदललं आणि तुझा इशारा यायला लागला. दिसायला नाही, ऐकू यायला. मास्तर पान तपासत असायचे: त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज, आणि मध्येच, हा प्रोग्रॅम जुना मार्ग वापरत आहे. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. दहा-बारा दिवसांत त्यांचं डोकं उठलं. मला म्हणाले, "बाई, एक तर त्या माणसाला लिहा, नाहीतर याचं तोंड बांधा."

लिहायला पाच मिनिटं लागली असती. दोन ओळी: आम्ही वापरतो, काढू नका. मी अर्धा तास बसून अकरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्याने तेवढाच इशारा गिळायचा, बाकी सगळं पोपटाकडे जाऊ द्यायचं. चोख काम झालं. सहा वर्षांत एकदाही चुकला नाही.

पत्ता तुझा होता, म्हणून. दुसरं कारण नाही. तू घर सोडून तीन वर्षं झाली होती. पहिला शब्द मी लिहायचा, तोही गरजवंत म्हणून, हे मला जमेना. मला वाटलं, दुसरं कुणीतरी कळवेलच. जगात असली शंभर यंत्रं असतील. कदाचित त्या शंभर ठिकाणी माझ्यासारखीच एकेक शहाणी बसलेली असेल.

म्हणजे तू विचारत होतीस. यंत्र सुरू झालं की दर वेळी, माझ्या टेबलापासून तीन हातांवर. आणि मी तुलाच जाब विचारते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मास्तरांना मी सांगितलं. पत्त्यातली बाई कोण तेही सांगितलं. त्यांनी पानाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

"म्हणजे सहा वर्षांपूर्वी तुमची सून इथे रोज येऊन विचारत होती, आणि मी म्हणालो, हिचं तोंड बांधा."

"तुम्ही नाही, मी बांधलं."

"शब्द माझे होते, बाई." मग म्हणाले, "आता चारचौघांत लिहा. आणि लाजायचं कशाला, त्या चारचौघांपैकी मला कुणी दिसत नाही."

आज सकाळी तुमच्या लिस्टवर तक्रार टाकली. माझ्या नावाने. इशारा मीच बंद केला होता, हेही त्यात आहे. ते का केलं, ते नाही, तेवढं तुझ्यापुरतं.


२ ऑगस्ट

तुमच्या लिस्टवरची पोरं कशी वाढवलेली आहेत. एकाने लिहिलं, 'जगात एकच वापरणारा उरला असेल तर त्याने नवं यंत्र घ्यावं, सगळ्यांनी कचरा का सांभाळायचा?' मी त्याला उत्तर दिलं की मी एकाहत्तर वर्षांची आहे, मलाही कुणी कचऱ्यात टाकण्यापूर्वी एकदा विचारेल अशी आशा आहे. त्यावर त्याने माफी मागितली. आईबापांनी अगदीच वाऱ्यावर सोडलेला नाही.

दुसऱ्याने विचारलं, इशारा बंद करणाऱ्या बाईंना आता तक्रारीचा हक्क आहे का? त्याला मी उत्तर दिलं नाही. तू दिलंस. 'हक्क छापल्या जाणाऱ्या पुस्तकाचा आहे.' ते वाक्य मी मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ही तुमच्या घरात कशी काय टिकली इतके दिवस?" मी म्हटलं, टिकली नाही.

खिडकी उघडणार नाही असं तू सर्वांसमोर सांगितलंस तेव्हा माझा पारा चढला. मग खालचा भाग वाचला. कर्नलच्या बाहेरच एक दुभाष्या ठेवायचा. जुना प्रोग्रॅम एकशे एकोणपन्नास नंबरला हाक मारायला निघाला की याने त्याला वाटेतच थांबवायचं, मागणी ऐकून घ्यायची, नव्या खिडकीवर जाऊन काम करून आणायचं आणि जुन्या बोलीत उत्तर द्यायचं. प्रोग्रॅमला आपण आपल्याच खिडकीवर उभे आहोत असं वाटत राहणार, आणि भिंतही शाबूत. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी रागावण्यात गुंतले होते.

तुझा दुभाष्या काल बसवला. यंत्राने कागद आत ओढला, दोनदा कण्हलं आणि थांबलं. मास्तर म्हणाले, "जीव आहे." यंत्राच्या नोंदींचा लॉग सोबत पाठवते. या वेळी सगळा, काहीही न गाळता.


३० ऑगस्ट

तिसरी आवृत्ती चालली. मंगळवारी पहिलं पान बाहेर आलं तेव्हा मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनी पानावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "रडू नका, शेवटची ओळ नाही."

खरंच नाही. प्रत्येक पानाची शेवटची ओळ कोरी येते. मी मांडणीतून एक ओळ कमी करून बघितली. तर तिच्या वरची कोरी. जास्त करून बघितली. तर कागद फाटतो. तू सांगितलेल्या नऊ गोष्टी करून झाल्या. चौथी आवृत्ती तशीच, पाचवीही तशीच.

इतर विषयांत शेवटची ओळ गेली तर शिक्षक तोंडाने सांगतील. गणितात शेवटच्या ओळीवर उत्तर असतं.

आज तीस ऑगस्ट. चाळीस दिवस आहेत. एक भाग छापायला, तपासायला आणि शिवायला आठवडा लागतो आणि पाच भाग बाकी आहेत. हिशेब तूच कर.

ते यंत्र समोर असल्याशिवाय हे सुटणार नाही, असं मला वाटतं. मी तुला बोलावते आहे. घरी नाही, छपाईघरात. घरी माझा मुलगा अधूनमधून येत असतो. इथे तो कधी येत नाही, त्याला आवाज सहन होत नाही. उतरायची सोय शाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत होईल. चादर मी नवी घालून ठेवली आहे. येणार नसलीस तरी ती खोली काही कुणी मागत नाही.


१२ ऑक्टोबर

तू गेल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण छपाई संपेपर्यंत हात मोकळा झाला नाही. आधी पुस्तकाचं सांगते, कारण तुझा तो पहिला प्रश्न असेल.

सातवा भाग आठ तारखेला संध्याकाळी शिवून झाला. परीक्षा नऊला. अकरा मुलांना सहा भाग नीट वाचायला मिळाले, सातवा एका रात्रीपुरता. त्यात वर्तुळ होतं. वर्तुळावरचा प्रश्न सात जणांनी सोडून दिला. एक मुलगी मला म्हणाली, "आज्जी, आकृती बोटाला आवडली, पण ओळख व्हायला वेळ पाहिजे ना." त्या सात कोऱ्या उत्तरांना तू जबाबदार नाहीस. सहा वर्षांपूर्वी दोन ओळी लिहिल्या असत्या तर ती कोरी राहिली नसती.

लिस्टवर तू कारण जाहीर केलंस, तेही वाचलं. जुन्या खिडकीची मोजणी चुकत होती, ओळींचा आकडा ती एकाने जास्त सांगायची. कंपनीच्या प्रोग्रॅमला ते ठाऊक होतं, म्हणून तो एक वजा करून घ्यायचा. तू दुभाष्या लिहिताना ती चूक सुधारलीस, आणि तो बिचारा सवयीने एक वजा करतच राहिला. इथे छपाईघरात ते सापडलं तेव्हा तू खुर्ची मागे ढकलून म्हणालीस, "मीच दुरुस्त केली होती," आणि मास्तर म्हणाले, "तीच तर चूक." तू हसलीस. नऊ वर्षांनी ऐकलं. मग ती चूक जशीच्या तशी परत घातलीस आणि वर टीप लिहिलीस, 'ही चूक मुद्दाम ठेवली आहे, तिच्यावर कुणीतरी अवलंबून आहे.'

आणखी एक. दुभाष्याच्या फाइलमध्ये, 'काढण्यापूर्वी यांना विचारा' या ओळीपुढे तू माझं नाव घातलं आहेस. त्याखाली मी मास्तरांचंही घालायला लावलं. मी काही कायमची नाही, आणि ते तक्रार करायला कुणाला घाबरत नाहीत.

आता जे राहिलं ते.

गुरुवारी दुपारी यंत्र पूर्ण वेगात चालू होतं. तू, मी आणि मास्तर, तिघांच्या कानांवर ती जाड झाकणं. तू मला पान देत होतीस, मी मास्तरांना. दीड तास कुणी बोललं नाही. बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं. त्या आवाजाच्या भरवशावर मी तुझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. तू ओठ हललेले पाहिलेस, झाकण बाजूला करून जवळ आलीस आणि विचारलंस, "काय म्हणालात?"

मी म्हटलं, "कागद संपत आलाय."

तू वळून पाहिलंस. कागदाचे चार गठ्ठे होते. मग झाकण परत लावलंस.

मी म्हणाले होते ते हे.

तू आमच्या घरात असताना कर्नलच्या कामाचं पहिलं बोलावणं तुला आलं होतं, आणि त्याला तुझ्या पत्त्यावरून, तुझ्या नावाने नकार गेला होता. तुला ते चार महिन्यांनी कळलं. जेवणाच्या टेबलावर तू तो नकार छापून आणून ठेवलास. माझा मुलगा म्हणाला, त्यांचीच काहीतरी गडबड झाली असेल. तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. मला विचारलंस, "आई, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "मला बाई तुमच्या त्या मशिनींतलं काय कळतंय." आणि आमटी वाढली. तीस वर्षं तेच काम करत आलेल्या बाईने. आपला तो बाळ्या, एवढंच कारण. तू कागदाची घडी केलीस आणि तिसऱ्या दिवशी गेलीस. मी तेव्हा मुलाच्या बाजूने काही बोलले नाही, असं लोकांना सांगत आले. गप्प राहिले, कुणाचीच बाजू घेतली नाही, असं. तुझाही इतकी वर्षं तोच समज असेल. एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

तुला आठवतं, तू त्या कागदाकडे बघत म्हणाली होतीस, "पत्र किती सभ्य आहे." त्याला तसं येत नाही. त्या संध्याकाळी तू बाहेर गेली होतीस, तो तुझ्या संगणकासमोर बसला होता आणि त्याला शब्द सुचत नव्हते. त्याने मला हाक मारली. मी हात पुसून आले, चष्मा लावला आणि त्याला उठायला सांगितलं.

तो नकार मी लिहिला.